लोखंडी हाताचा सत्कार

कोल्टन : एकच, सर. इथं लिहिलंय बघा. "जास्तीत जास्त चेंडू : एक." त्याच्या खाली सही करा.

ऑर्व्हिल : आणि तो टाकल्यावर मला वाटलं की आणखी एक टाकावा, तर?

कोल्टन : तर मी डॉक्टरांना विचारणार, डॉक्टर ऑफिसला विचारणार आणि ऑफिस नाही म्हणणार.

ऑर्व्हिल : बर्नीस, ऐकलंस? याच मैदानावर अडुसष्ट साली मी बेसबॉलचे एकोणतीस सामने सुरू केले आणि त्यातले एकवीस मीच संपवले. पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत, एकट्यानं. तेव्हा कोणी माईचा लाल कागद घेऊन आला नव्हता.

बर्नीस : सही कर, ऑर्व्ह. चष्मा देऊ?

ऑर्व्हिल : चष्मा नको. तू कोण म्हणालास, बाळा?

कोल्टन : कोल्टन मेबेरी, सर. आजच्या सामन्यात आमच्या बाजूनं चेंडू टाकणारा पिचर मीच आहे. तुम्ही सामन्याआधी मानाचा पहिला चेंडू टाकणार ना, तर तोवर तुमचा हात नीट तयार करून द्यायचा, असं क्लबच्या ऑफिसनं मला सांगितलंय.

ऑर्व्हिल : तयार? तो गेली सत्तावन्न वर्षं तयारच बसलाय. आण तो कागद.

कोल्टन : तुम्ही डावखुरे आहात, सर?

ऑर्व्हिल : लिहायला. उजवा फक्त चेंडूसाठी राखून ठेवलाय.

बर्नीस : चांगलाच राखलाय.

ऑर्व्हिल : तू बोलू नकोस. तू ते बाहुले मोज.

बर्नीस : मोजले. चाळीसची एक पेटी उघडली, त्यात तेरा जणांचा उजवा हात गळून पडलाय. ऑफिसातली मुलगी बाहेर बसून डिंकानं चिकटवतेय बिचारी.

कोल्टन : हो, मॅडम, ऑफिस फार वैतागलंय. बाहेर एवढा मोठा फलक लावलाय, "लोखंडी हात दिवस, पहिल्या दोन हजार प्रेक्षकांना ऑर्व्हिल ड्रेसेल यांचा बाहुला मोफत." आणि नेमका हातच पडतोय.

बर्नीस : कारखान्याला कोणीतरी खरी हकीकत कळवलेली दिसते.

ऑर्व्हिल : बर्नीस!

बर्नीस : मी डिंकाबद्दल बोलतेय.

कोल्टन : सर, आता हा रबरी पट्टा धरा आणि हळूहळू हात डोक्याच्या वर न्या. दहा वेळा. मग खांदा गोल फिरवायचा, मग दोन मिनिटं श्वास.

ऑर्व्हिल : श्वास मी घरून घेऊन आलोय. पट्टा ठेव तिकडे. मला सांग, आज तू किती डाव टाकणार?

कोल्टन : पाच, सर. ऐंशी चेंडू झाले तर त्याच्या आधीसुद्धा काढतील. मग सहाव्या डावाला दुसरा येणार, सातव्याला तिसरा. एका डावखुऱ्या फलंदाजापुरता एक जण ठेवलाय. सगळे धरून सहा.

ऑर्व्हिल : सहा जण! आमच्या गावात सहा जण लागतात ते शवपेटी उचलायला.

बर्नीस : तुझ्या पेटीला आठ लागतील.

ऑर्व्हिल : आणि पाच डाव टाकून मग तू काय करतोस? बर्फात हात घालून बसतोस?

कोल्टन : बर्फ आता बंद झालाय, सर. बर्फ वाईट असं सिद्ध झालंय. पुढच्या वर्षी परत चांगला होईल. पाच दिवस मी काही टाकत नाही. झोप मोजतो. हे घड्याळ सांगतं. काल मी सहा तास अकरा मिनिटं झोपलो, म्हणजे आज मी एकसष्ट टक्के आहे.

ऑर्व्हिल : उरलेले एकोणचाळीस टक्के कुठं आहेत?

कोल्टन : मलाही तेच कळत नाही, सर.

ऑर्व्हिल : आम्ही दर चौथ्या दिवशी टाकायचो. तीन दिवस सुट्टी, चौथ्या दिवशी सामन्याचे नऊच्या नऊ डाव. रात्रभर बसच्या मागच्या सीटवर दुमडून झोपायचो. किती टक्के होतो ते देवाला माहीत. आता तुमच्याकडे डॉक्टर आहेत, कॅमेरे आहेत, जेवण वजन करून देणारी बाई आहे. आणि तरी निम्मे पिचर गळ्यात हात अडकवून फिरतायत. सगळी लोण्याची पोरं.

बर्नीस : माझे आजोबा तुला हेच म्हणायचे.

ऑर्व्हिल : त्यांचा काय संबंध इथं?

बर्नीस : कोल्टन, माझे आजोबा ऑगस्ट. एकोणीसशे दहाच्या सुमाराला याच गावाकडून खेळायचे. रविवारी दोन सामने असायचे, दोन्ही तेच टाकायचे आणि घरी येऊन बावीस गायींची धार काढायचे. लग्न ठरवायला ऑर्व्ह आमच्याकडे आला तेव्हा मोठ्या ऐटीत म्हणाला, मी दर चौथ्या दिवशी टाकतो. आजोबांनी विचारलं, "मग मधले तीन दिवस काय करतोस? आजारी असतोस?"

ऑर्व्हिल : त्या माणसाचा चेंडू माझी आजीसुद्धा टोलवेल इतका हळू यायचा.

बर्नीस : म्हणून तर टिकले. दहांतले आठ चेंडू ते असे द्यायचे की घ्या बाबांनो, मारा. मागं आठ जण उभे आहेत, पकडतील. खरा जोर फक्त अडचणीत. आणि ते सांगायचे की त्यांच्या आधीचा पिचर हात खाली ठेवूनच चेंडू सोडायचा आणि आख्खा मोसम एकटा टाकायचा. तो माणूस आजोबांना आळशी म्हणायचा.

कोल्टन : आम्हाला तसं हळू टाकताच येत नाही, मॅडम. समोरचे नऊच्या नऊ फलंदाज धिप्पाड. एक चेंडू सुस्त पडला की कुंपणाबाहेर. म्हणून प्रत्येक चेंडू जिवाच्या आकांतानं टाकायचा. मी नऊ वर्षांचा असल्यापासून असाच टाकतोय. बाबा मागं वेग मोजायचं यंत्र घेऊन उभे असायचे. बारा महिने. नाताळच्या सकाळीपण.

ऑर्व्हिल : आणि आता किती वेग आहे?

कोल्टन : ताशी अठ्ठ्याण्णव मैल.

ऑर्व्हिल : ...अठ्ठ्याण्णव?

कोल्टन : बाबा म्हणतात, नव्याण्णव यायला हवे होते.

बर्नीस : तुझे बाबा काय टाकायचे?

कोल्टन : बाबा छपराच्या पत्र्यांचे सेल्समन आहेत, मॅडम.

ऑर्व्हिल : मग इतक्या वर्षांत तुझं कोपर अजून शाबूत कसं?

कोल्टन : आमच्या संघात मी एकटाच तसा आहे, सर. बाकी सगळ्यांच्या कोपरावर टाके आहेत. मनगटातली शिरेसारखी दोरी काढून कोपरात बसवतात. पोरं मला म्हणतात, तुझं अजून बारसं व्हायचंय. माझ्या मामांनी तर मामेभावासाठी डॉक्टरांना फोन केला होता की, "पोराचं कोपर दुखत नाहीये, पण शाळेला सुट्टी आहे, तर आत्ताच करून टाकता का?"

बर्नीस : अरे देवा.

कोल्टन : डॉक्टर नाही म्हणाले, तर त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना फोन केला.

ऑर्व्हिल : बघ! आमच्या काळी असं काही नव्हतंच. हात दुखायचाच नाही मुळात. आम्ही शेतातली माणसं. गवताचे भारे उचललेले खांदे.

कोल्टन : खरंच कधी दुखला नाही, सर?

ऑर्व्हिल : कधीच नाही.

कोल्टन : नाही, म्हणजे... मी लहानपणापासून तुमच्या मुलाखती वाचतोय. दरवर्षी त्या पेपरात येतात ना, "दुखणं हे डोक्यात असतं, हातात नसतं." ते वाक्य मी माझ्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलंय. मॅडम, हे तुम्ही कुणाला सांगू नका, पण मला सरांना एक विचारायचं होतं. म्हणूनच आज हे काम मी मागून घेतलं.

ऑर्व्हिल : विचार की.

कोल्टन : तीन आठवडे झाले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही बधिर होतात. तिसऱ्या डावानंतर कोपराच्या आतल्या बाजूनं वीज गेल्यासारखं होतं. परवा शॅम्पूची बाटली हातातून पडली.

ऑर्व्हिल : डॉक्टरला सांगितलंस?

कोल्टन : नाही, सर. रोज सकाळी फोन विचारतो, हात कसा आहे, एक ते दहा. आम्ही सगळे नऊ दाबतो. आठ दाबलं तर डॉक्टर बोलावतात. दहा दाबलं तर खोटं बोलतोय म्हणून बोलावतात. नऊला कोणी काही म्हणत नाही.

बर्नीस : म्हणजे एवढे कॅमेरे, झोपेचं घड्याळ, आणि शेवटी सगळं तुमच्या नऊवर?

कोल्टन : हो, मॅडम. आणि आज वरच्या, मोठ्या लीगमधल्या क्लबचा माणूस येतोय, फक्त मला बघायला. आजचे पाच डाव नीट गेले तर पुढच्या आठवड्यात मी वर जाईन. सांगितलं तर शस्त्रक्रिया आणि चौदा महिने बाहेर. परत येईन तेव्हा माझ्या जागी आणखी कोणीतरी अठ्ठ्याण्णववाला असेल. सर, तुमच्या वेळी असं झालं की तुम्ही काय करायचात?

ऑर्व्हिल : मलम.

कोल्टन : कसलं?

ऑर्व्हिल : मिरचीचं. खांद्यापासून कोपरापर्यंत चोपडायचं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग दुसरं काही दुखत असेल तर ते लक्षातच येत नाही. मिळालं नाही तर घोड्यांना चोळायचं तेल. आणि मग जायचं आणि टाकायचं. तू कोणाला दिसू द्यायचं नाहीस, बस्स.

कोल्टन : म्हणजे टाकू ना?

ऑर्व्हिल : म्हणजे... तुझ्या मनगटात जोर आहे तोवर...

कोल्टन : मला हेच ऐकायचं होतं, सर. मला वाटलंच होतं. थँक यू. खरंच. आज मी सुटलो.

बर्नीस : ऑर्व्ह.

ऑर्व्हिल : काय?

बर्नीस : तुझ्या मागच्या फळीवर माझी टोपी आहे. काढून दे.

ऑर्व्हिल : तुझं हे नेहमीचं...

बर्नीस : डाव्या हातानं नाही. उजव्या.

ऑर्व्हिल : बर्नीस, पोरासमोर नको.

बर्नीस : पोरासमोरच. पोरानं आत्ता तुझ्याकडून औषध घेतलंय. पट्टा धरून हात डोक्यावर ने म्हणाला तेव्हा तू त्याला श्वासाच्या गोष्टी सांगितल्यास. काढ टोपी.

कोल्टन : राहू दे, मॅडम, मी देतो...

बर्नीस : तू बस.

(ऑर्व्हिल उजवा हात उचलतो; तो खांद्यापाशीच अडकतो. बाहेर मैदानावर पाणी मारण्याचा आवाज.)

ऑर्व्हिल : नाही जात वर. झालं समाधान?

कोल्टन : आज दुखतोय का, सर?

ऑर्व्हिल : आज नाही रे. अडुसष्टच्या सप्टेंबरपासून. खांद्याच्या वर गेलाच नाही तो. केस ही विंचरते माझे. लोकांना वाटतं म्हातारा अजून भांग कसा नीट पाडतो.

कोल्टन : पण अडुसष्टच्या सप्टेंबरात तर तो चौदा डावांचा सामना... भिंतीवर फोटो आहे. तो तुम्ही जिंकलात.

ऑर्व्हिल : जिंकलो. दोन्ही बोटं तुझ्यासारखीच जुलैपासून बधिर होती. मॅनेजर दर डावानंतर विचारायचा, "कसा आहे हात?" मी म्हणायचो, "एकदम ताजा." तोही बिचारा तेच ऐकायला यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी चमचा उचलेना. क्लबनं ऑक्टोबरात काढून टाकल्याचं एका ओळीचं पत्र पाठवलं.

कोल्टन : किती चेंडू झाले होते त्या दिवशी?

ऑर्व्हिल : कोणाला माहीत? तेव्हा मोजायचं कोण?

बर्नीस : दोनशे तेरा.

ऑर्व्हिल : काय?

बर्नीस : दोनशे तेरा. मी मोजत होते. कठड्यापाशी बसून, पेन्सिलीनं. दीडशेनंतर तू प्रत्येक चेंडू टाकल्यावर हात मांडीला घासत होतास. तेही लिहून ठेवलंय.

ऑर्व्हिल : सत्तावन्न वर्षांत कधी बोलली नाहीस.

बर्नीस : तू विचारलं नाहीस. तू आकडे सांगायचास ते एकवीस सामन्यांचे.

कोल्टन : पण सर, मग तुमचे बाकीचे... तुमच्या वेळचे ते सगळे टिकलेले लोक? सगळे म्हणतात तेव्हाचे हात वेगळेच होते.

ऑर्व्हिल : आमच्या संघात अकरा पिचर होते. नऊ जणांचे हात पंचविशीच्या आत गेले. एक जण टपाल वाटायला लागला, एक जण विहिरी खणणाऱ्याकडे, एकाचं काय झालं ते आम्हाला कळलंही नाही. त्यांना मुलाखतीला कोण बोलावतं? मला बोलावतात, कारण मी जवळच राहतो आणि खोटं छान बोलतो.

कोल्टन : पण तुमचा हात गेला म्हणून तुम्ही सोडलं, असं कुठंच छापलेलं नाही. छापलंय की तुमच्या मिसेसना तुम्ही घरी हवे होतात म्हणून. ऐन भरात खेळ सोडून बियाण्याच्या दुकानात बसलात. आमच्या ऑफिसच्या पुस्तिकेतपण तेच आहे.

बर्नीस : ते मलाही पेपरात वाचूनच कळलं.

कोल्टन : म्हणजे?

बर्नीस : पत्रकार दारात आला, यानं सांगून टाकलं, "बर्नीसला मी घरी हवाय." मी आत भांडी घासत होते. आणि त्याच रविवारी चर्चच्या तळघरातल्या जेवणात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. गावाला पुढच्या वर्षी ट्रॉफी मिळणार होती म्हणे, ती मी घालवली. एकाहत्तरच्या जत्रेत माझ्या काकडीच्या लोणच्याला शेवटचा नंबर दिला. लोणचं उत्तम झालं होतं.

ऑर्व्हिल : लोणचं फार चांगलं होतं.

बर्नीस : परवासुद्धा न्हाव्याची बायको म्हणाली, "तुमच्या मिस्टरांचा सत्कार आहे म्हणे. तुम्ही नसतात तर कुठल्या कुठे गेले असते." मी म्हटलं, हो, गेले असते.

कोल्टन : तुम्ही त्यांना खरं का सांगितलं नाहीत, मॅडम?

बर्नीस : तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. उजव्या हातानं कपसुद्धा धरता येत नव्हता. त्याच्याकडे एवढं एकच उरलं होतं की लोक त्याला लोखंडी म्हणतात. मला वाटलं, असू दे. वर्षभर चालेल आणि मिटेल. ते सत्तावन्न वर्षं चालेल असं वाटलं नव्हतं.

ऑर्व्हिल : कोल्टन, इकडे ये. त्या मलमाचं विसर. मी आत्ता तुला जे सांगितलं ते एका भित्र्या माणसानं सांगितलं. तुझ्यासारख्या पोरानं ते चिकटवलंय कपाटाच्या दाराला, आणि मी इथं बसून परत तेच म्हणत होतो. लाज वाटते मला. ऊठ आणि डॉक्टरकडे जा. आज नको टाकूस.

कोल्टन : तो माणूस निघालाय तिकडून, सर. तीन तासांचा रस्ता आहे.

ऑर्व्हिल : येऊ दे. हॉट डॉग खाईल आणि जाईल.

कोल्टन : चौदा महिने, सर. बाबांना काय सांगू?

ऑर्व्हिल : तुझं वय काय?

कोल्टन : बावीस.

ऑर्व्हिल : चौदा महिन्यांनी तेवीस असशील. टाके घालायला तुमच्याकडे माणसं आहेत. आमच्याकडे घोड्याचं तेल होतं. माझा हात कोणी उघडून बघितलासुद्धा नाही. मला चौदा महिने कोणी देऊ केले असते ना, तर मी रांगत गेलो असतो.

कोल्टन : आणि परत आल्यावर पुन्हा गेला तर?

ऑर्व्हिल : जाईलही. ते मला नाही सांगता येत. मी काही डॉक्टर नाही, मी बाहुला आहे.

कोल्टन : बाबा फोनवर ओरडतील.

बर्नीस : मग फोन मला दे. छपराच्या पत्र्यांबद्दल मला पुष्कळ बोलायचंय.

कोल्टन : डॉक्टरांची खोली डावीकडे तिसरी. लांब नाहीये तशी. सर... तुमचा तो पहिला चेंडू? आता कसा टाकणार?

ऑर्व्हिल : डाव्या हातानं घरंगळत सोडीन. मर्यादा एकाचीच आहे ना? जा तू. धावू नकोस, नाहीतर घड्याळ ओरडेल.

कोल्टन : जातो. थँक यू, सर. मॅडम, तुम्हालाही.

बर्नीस : दार उघडंच राहू दे, राजा. ...गेला?

ऑर्व्हिल : डावीकडेच वळला. तिसऱ्या दारापाशी उभा आहे. ...आत गेला.

बर्नीस : बरं झालं.

ऑर्व्हिल : बर्नीस, चेंडू टाकायच्या आधी मला माइक देणार आहेत. दोन मिनिटं.

बर्नीस : मग?

ऑर्व्हिल : सांगून टाकतो सगळं. आख्ख्या गावासमोर. माझा हात गेला होता, तुझा काहीही दोष नव्हता, मी खोटं बोललो.

बर्नीस : म्हणतील, हेही बायकोनंच बोलायला लावलं.

ऑर्व्हिल : म्हणतील खरं. मग काय करू?

बर्नीस : तरी सांग.